गरिबीची मोजपट्टी आणि न मोजलेली माणसं

भारतात २०११-१२ साली किती लोक गरीब होते? सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलं तर २१.९ टक्के, म्हणजे सुमारे २७ कोटी. सी. रंगराजन समितीने २०१४ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे मोजलं तर २९.५ टक्के, म्हणजे सुमारे ३६ कोटी. देश तोच, वर्ष तेच, राष्ट्रीय नमुना पाहणीची फेरीही तीच. मधले नऊ कोटी लोक एका अहवालात गरीब आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. त्यांच्या ताटात काही वाढलं नाही की ताटातलं काही गेलं नाही. बदलली ती फक्त पट्टी.

नऊ कोटी म्हणजे त्या वेळच्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येपेक्षा थोडे कमी. एवढी माणसं जर पट्टी इकडची तिकडे झाल्याने गरिबीतून बाहेर पडत असतील किंवा आत येत असतील, तर आधी पट्टी नीट पाहायला हवी. गेली काही वर्षं माझं काम हेच आहे. पैशाच्या रेषेला पर्याय म्हणून ज्या नव्या पद्धती पुढे आल्या, त्या काय पाहतात आणि काय पाहत नाहीत हे तपासणं. या पर्यायांचं कौतुक खूप झालं आहे आणि बरंचसं रास्तही आहे. टीका मात्र बहुतेक वेळा संशोधकांच्या आपापसातल्या भाषेत होते. ती साध्या मराठीत तुमच्यापुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पट्टीची गोष्ट आपल्याकडे फार लवकर सुरू होते. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. माणसाला जगायला कमीत कमी किती लागतं हे सांगायला त्यांच्याकडे कुठली समिती नव्हती, सर्वेक्षण नव्हतं. त्यांनी सरकारचेच कागद काढले. एक, तुरुंगातल्या कैद्यांवर होणारा खर्च. दुसरा, बोटीने परदेशी मळ्यांवर पाठवल्या जाणाऱ्या मजुरांचा शिधा. प्रवासात बसून असलेल्या गिरमिट्याला किती तांदूळ, किती डाळ, किती तेल, किती मीठ द्यायचं, हे सरकारी वैद्यकीय निरीक्षकाने ठरवून दिलेलं होतं. दादाभाईंनी त्याची किंमत काढली आणि ती प्रांताप्रांतातल्या दरडोई उत्पन्नाशेजारी ठेवली. सरासरी हिंदी माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी वीस रुपये येत होते, आणि तेवढ्यात तो शिधाही धड बसत नव्हता.

मॉरिशसमध्ये हा लेख वाचणाऱ्यांना त्या बोटींबद्दल मी काही सांगायला नको. पण आपल्या देशाची पहिली दारिद्र्यरेषा देश सोडून निघालेल्या मजुराच्या शिध्यावरून काढली गेली, हे आपण परदेशस्थांनी लक्षात ठेवावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या हिशोबात काय धरलेलं नाही, तेही दादाभाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. हा शिधा काम करणाऱ्या माणसाचा नाही, बसून राहिलेल्याचा आहे. त्यात घरच्या सुखदुःखाच्या प्रसंगांचा खर्च नाही, धर्माचा नाही, समाजात वावरण्याचा नाही. आणि वाईट हंगामासाठी काही गाठीला ठेवण्याची सोय नाही. ही शेवटची वाक्यं मला सगळ्यात मोलाची वाटतात. पट्टी करणाऱ्याने पट्टीच्या मर्यादा स्वतः सांगण्याची ती रीत पुढच्या दीडशे वर्षांत फार थोड्यांनी पाळली.

ब्रिटनमध्ये सीबोम राउन्ट्रीने यॉर्क शहरात घरोघर फिरून केलेली पाहणी १९०१ साली छापली. तिथेही शरीर कामाला उभं राहील एवढं अन्न, भाडं, कपडे, जळण, एवढंच धरलं होतं. नंतर पुण्यातून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा पाया २२५० उष्मांक हा होता. सरासरीने एवढे उष्मांक ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतात, ती रेषा. १९६०-६१ च्या किमतींत ती खेड्यात वर्षाला माणशी १८० रुपये आणि शहरात २७० रुपये आली. तिच्याखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते.

यावर वाद घालायला पुण्यातच माणूस होता. पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षं काम करून परतले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची उष्मांकांची गरज ठरलेली नसते. ती एकाच माणसात दिवसादिवसाला आणि आठवड्याआठवड्याला बदलते, आणि शरीर काही मर्यादेपर्यंत कमी खाण्याशी जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरज हीच रेषा धरणं चूक आहे, ती बरीच खाली असायला हवी. तसं केलं की उपाशी माणसांची संख्या एकदम घटते. दांडेकरांनी हे मान्य केलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद इंग्रजी नियतकालिकांतून जोरात झाला. आज तो पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांच्याही मांडणीत 'जुळवून घेणं' हा शब्द कळीचा. कमी खाऊन जुळवून घेतलेल्या शरीराला निरोगी म्हणायचं की हरलेलं, हे आकडा ठरवू शकत नाही. तो निर्णय आकड्याच्या आधीच झालेला असतो.

पुढची कथा अनेकांना ठाऊक असेल. तेंडुलकर समितीने २००९ साली रेषेचा उष्मांकांशी असलेला थेट संबंध सोडला. मग २०११ च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं आणि शहरात दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही, असा त्याचा अर्थ वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. संताप झाला, थट्टा झाली. समितीच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की हा आकडा माणशी होता. पाच जणांच्या शहरी कुटुंबाला तो महिन्याला सुमारे ४८०० रुपये होत होता. पण लोकांना राग आला तो गणिताचा नव्हता. ज्या रेषेने रेशनचा हक्क ठरतो, ती रेषा ठरवताना त्या पैशात जगणाऱ्या कुणाला विचारलं होतं का, असा तो प्रश्न होता. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

जागतिक बँकेच्या डॉलरच्या रेषेबद्दल इथे एक खुलासा करते, कारण आपल्या मंडळांतल्या गप्पांत तिचा अर्थ हमखास चुकतो. जून २०२५ मध्ये ही रेषा २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली गेली. हे डॉलर क्रयशक्तीचे आहेत, विनिमय दराचे नाहीत. म्हणजे तीन डॉलरचे अडीचशे रुपये होत नाहीत. २०२१ च्या किमतींत ते साधारण साठ रुपयांच्या आसपास येतात. या रेषेखाली भारतात २०११-१२ मध्ये २७.१ टक्के आणि २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के लोक होते, असं बँकेने म्हटलं. घट झाली आहे यात शंका नाही. पण या दोन वर्षांमधल्या पाहण्यांची प्रश्नावली, घरी जाण्याच्या फेऱ्या, आठवण विचारण्याची मुदत, सगळं बदललेलं आहे. मधली २०१७-१८ ची पाहणी झाली, पण सरकारने तिच्या दर्जावर शंका घेऊन ती प्रसिद्धच केली नाही. दोन टोकं आहेत आणि मधला पूल नाही.

अशा वेळी पर्याय म्हणून पुढे येतो तो बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. सबिना अल्काइर आणि जेम्स फॉस्टर यांच्या पद्धतीवर उभा असलेला हा निर्देशांक २०१० पासून संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात येऊ लागला. निती आयोगाने भारतासाठी त्याची स्वतःची आवृत्ती केली. तिच्यानुसार २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के आणि २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के लोक गरीब होते. कल्पना साधी आणि पटण्यासारखी आहे. गरिबी म्हणजे नुसता पैशाचा तुटवडा नव्हे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिन्ही अंगांनी घर पाहा. भारतीय आवृत्तीत बारा निकष आहेत. ज्या घरात निकष पूर्ण होत नाही तिथे वजाबाकी मांडा. वजाबाकीचं एकूण वजन एक तृतीयांश झालं की घर गरीब.

याचं श्रेय आधी देते. पैशाची रेषा घराला कुपोषित मुलाबद्दल विचारत नाही, हा निर्देशांक विचारतो. स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रश्नही नीट घातलेला आहे. घरात गॅसची जोडणी आहे का असं न विचारता मुख्यतः कशावर स्वयंपाक करता, असं विचारतात. सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, हे घर त्यात पकडलं जातं. जिल्ह्याजिल्ह्यातला फरक दिसतो, कुठल्या निकषात कोण मागे आहे ते सुटं करून पाहता येतं. धोरण आखणाऱ्याला हे फार उपयोगी आहे.

आता वजनं पाहा. तिन्ही अंगांना समान, एक तृतीयांश वजन. राहणीमानात सात निकष आहेत: इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खातं. म्हणून प्रत्येकाला एकविसावा भाग. समजा, एका घराला शौचालय नाही, पिण्याचं पाणी जवळ नाही, वीज नाही, घर कुडाचं आहे, चुलीत लाकडं जळतात आणि घरात मोबाइलखेरीज काही नाही. सातपैकी सहा अभाव. फक्त बँकेत खातं आहे. बेरीज एकवीसपैकी सहा, म्हणजे २८.६ टक्के. रेषा ३३.३ टक्क्यांची. घरातलं कुणी तरी सहावी झालेलं असेल, मूल शाळेत जात असेल आणि वजनाच्या काट्यावर कुणी फार खाली गेलेलं नसेल, तर हे घर गरीब नाही. हा पद्धतीचा अपघात नाही, हीच पद्धत आहे. समान वजन हा दिसायला निःपक्षपाती निर्णय वाटतो. प्रत्यक्षात त्याने असं ठरवलं, की शौचालय, पाणी, वीज, घर, इंधन आणि मालमत्ता यांची एकत्र उणीव गरिबी म्हणायला पुरेशी नाही.

आणि त्या बँक खात्याचा विचार करा. खातं आहे की नाही, एवढाच प्रश्न. त्यात पैसे आहेत का, ते कधी वापरलं का, याला जागा नाही. जनधन योजनेनंतर खाती निघाली ती चांगलीच गोष्ट. पण एकदा उघडलेलं खातं कुटुंबाच्या वाईट वर्षात बंद होत नाही. वीज, शौचालय, खातं या गोष्टी बहुतेक एका दिशेने जातात. म्हणून या निर्देशांकात चढण दिसते, घसरण फारशी दिसत नाही. ज्या पट्टीवर माणूस वर जाताना खूण होते आणि खाली येताना होत नाही, ती पट्टी सरकारला आवडणारच.

सगळ्यात मोठी उणीव मला वयाची वाटते. पोषणाचा निकष राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावर चालतो. त्यात पाच वर्षांखालची मुलं, १५ ते ४९ वयाच्या बायका आणि १५ ते ५४ वयाचे पुरुष यांची उंची-वजनं घेतात. आता गावात एकटं राहणारं म्हातारं जोडपं डोळ्यांपुढे आणा. मुलगा पोटापाण्यासाठी मुंबईला, सुरतेला किंवा आखातात. घरात वजन घेण्याच्या वयाचं कुणी नाही. म्हणून पोषणात अभाव नाही. शाळेच्या वयाचं मूल नाही, म्हणून शाळेत अभाव नाही. बाळंतपण नाही, म्हणून मातृआरोग्यात अभाव नाही. दोघंही शाळेत गेलेली नसतील तर तेवढा एक षष्ठांश धरला जाईल. त्यावर राहणीमानातले किमान चार अभाव असले तरच ती दोघं गरीब ठरतील. एक वेळचं जेवून दुसऱ्या वेळेला पाणी पिऊन झोपत असली, तरी त्या उपासाला या निर्देशांकात रकाना नाही. इथे 'न मोजलेलं' म्हणजे 'नसलेलं' असं गृहीत धरलं गेलं आहे.

पैशाची रेषा निदान हा उपास पाहते का? पुरता नाही. खर्चाची पाहणी घराने किती खर्च केला ते विचारते, तो कुठून आला ते नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबाकडे पाहा. हंगामाआधी मुकादमाकडून नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर उचल घेतली जाते. त्या उचलीतून पावसाळ्यातलं किराणा येतं, लग्न होतं, दवाखाना होतो. पाहणी करणारा त्या महिन्यात आला तर खर्च भरपूर दिसेल आणि घर रेषेच्या वर जाईल. ती उचल फेडायला पुढचे पाच-सहा महिने पालावर काढायचे आहेत आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जायचं आहे, हे त्या आकड्यात नाही. कर्जाची पाहणी देशात होते, पण वेगळी होते, बऱ्याच वर्षांनी होते, आणि दारिद्र्याच्या टक्केवारीशी तिची गाठ पडत नाही. मराठीत आपण 'हातावर पोट' म्हणतो. उद्याचा भरवसा नसणं हा त्या शब्दांचा अर्थ आहे. दादाभाईंनी वाईट हंगामाची सोय नाही म्हणून जे सांगितलं, ते हेच. आजचे दोन्ही मुख्य आकडे आजचं ताट मोजतात किंवा कालची भिंत मोजतात. उद्याची धास्ती कुणीच मोजत नाही.

तिसरा पर्याय आकाशातून येतो. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा या पाच देशांवरचा एक अभ्यास आला. उपग्रहाच्या चित्रांवरून, रस्ते, छपरं, शेतं यांच्या खुणांवरून कुठल्या भागात किती गरिबी असेल याचा अंदाज संगणक बराच चांगला बांधू शकतो, असं त्यात दिसलं. २०२० च्या साथीत टोगो देशाच्या सरकारने उपग्रहाची चित्रं आणि मोबाइलच्या वापराच्या नोंदी एकत्र करून गरजूंना थेट मोबाइलवर पैसे पाठवले. जिथे वर्षानुवर्षं जनगणना होत नाही, लढाई चालू आहे किंवा साथीमुळे दारोदार जाता येत नाही, तिथे हे तंत्र वरदान आहे. भारताची २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि अन्नसुरक्षा कायद्याचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर अडकून राहिला. हे पाहिलं की हे तंत्र आपल्याकडे वापरायचा मोह का होईल ते कळतं.

माझा आक्षेप तंत्राच्या अचूकतेवर नाही. या संगणकाला शिकवायला आधी दारोदार जाऊन केलेली पाहणीच लागते. पाहणीने ज्याला गरीब म्हटलं, त्यालाच तो आकाशातून ओळखायला शिकतो. म्हणजे पट्टीचे सगळे दोष वारशाने मिळतात, फक्त आता ते दिसत नाहीत. दुसरं, छपराखाली कोण आहे हे छप्पर सांगत नाही. पक्क्या स्लॅबच्या घरात मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहणारी विधवा उपग्रहाला दिसत नाही. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने निर्णायक: पिवळ्या रेशन कार्डाच्या यादीत नाव नसेल तर बाई तलाठ्याकडे जाते, ग्रामसभेत उभी राहते, भांडते. संगणकाने गाळलं तर तिने कुणाशी भांडायचं?

मग सरळ माणसांनाच का विचारू नये? तसंही झालं आहे. ब्रिटनमध्ये १९८३ साली 'ब्रेडलाइन ब्रिटन' या पाहणीत आधी सर्वसामान्य लोकांना विचारलं, की आजच्या काळात कुणालाही नसून चालणार नाही अशा गोष्टी कोणत्या. पावसाथंडीचा कोट, सणाच्या दिवशी काही गोडधोड, अशी यादी झाली. मग ज्यांना त्यातल्या तीन किंवा अधिक गोष्टी पैशाअभावी परवडत नाहीत, ते गरीब. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र आणि इतर देशांतही गावकऱ्यांना एकत्र बसवून विचारलं: घराला पैसा येऊ लागला की आधी काय होतं, मग काय, आणि कुठे पोचल्यावर तुम्ही त्याला गरीब म्हणत नाही? पायऱ्या ठरल्यावर प्रत्येक घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुठे होतं आणि आज कुठे आहे, हे गावाने सांगितलं. त्यातून सरासरीत लपलेली गोष्ट वर आली. एकाच गावात काही घरं गरिबीतून वर येत असतात, त्याच वेळी दुसरी खाली जात असतात, आणि खाली जाण्याचं मोठं कारण आजारपण असतं. आजाराने आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाने. वर येण्याची कारणं वेगळी, खाली जाण्याची वेगळी. एका टक्केवारीत दोन्ही मिसळली की दोन्ही हरवतात.

या पद्धतीची भक्ती करायचं मात्र कारण नाही. गाव एकत्र बसतं तेव्हा पारावर कोण बसतं आणि कडेला कोण उभं राहतं, हे आपण सगळे जाणतो. वस्तीतल्या बाईचं म्हणणं पाटलांसमोर किती मोकळेपणाने येईल? शिवाय अमर्त्य सेन यांनी वारंवार सांगितलेला धोका आहेच: फार काळ कमीत राहिलेला माणूस फार कमी मागायला शिकतो. त्याला विचारून केलेली यादी त्याच्या सवयीची यादी होऊ शकते. तरीही या पद्धतीत एक गोष्ट आहे जी बाकीच्यांत नाही. ज्याचं मोजमाप चाललंय तो 'हे चुकतंय' म्हणू शकतो.

पर्यायी मोजमापाने खरोखर काय साधतं याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथली अधिकृत दारिद्र्यरेषा मॉली ऑर्शान्स्की यांनी साठच्या दशकात काढली. १९५५ च्या पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर खर्च करत होती, म्हणून स्वस्तातल्या आहाराच्या खर्चाची तिप्पट. ती रेषा महागाईप्रमाणे वाढवत आजही चालते. २०११ पासून जनगणना विभाग तिच्याबरोबर एक पूरक मोजमापही प्रसिद्ध करतो. त्यात अन्नाची मदत आणि करातली सूट जमेस धरतात, दवाखान्याचा आणि पाळणाघराचा खर्च वजा करतात. २०२१ साली मुलांसाठीची करसवलत वाढवली, तेव्हा या पूरक मोजमापात मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. सवलत संपली आणि २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. अधिकृत आकडा या दोन वर्षांत जवळजवळ जागचा हलला नाही, कारण करसवलत त्याला दिसतच नाही. कुठल्या निर्णयाने किती मुलं वर आली आणि तो मागे घेतल्याने किती खाली गेली, हे पूरक पट्टीने उघड केलं. चांगल्या मोजमापाची माझी कसोटी ही आहे. ते फक्त कौतुकाच्या वर्षी बोलत नाही, लाजेच्या वर्षीही बोलतं.

तर भारतासाठी मला काय हवं आहे? आणखी एक निर्देशांक नको. बारा निकषांचे चौदा केले की भांडण संपतं असं नाही. वजनं ठरवणारे तेच राहतात. मला खर्चाचा आकडा आणि अभावांचा आकडा शेजारी-शेजारी हवा आहे, एकमेकांत न कालवता. त्यांच्याबरोबर तीन साधे प्रश्न हवेत: गेल्या वर्षात कुठल्या महिन्यात घरात जेवण कमी पडलं, घरावर कुणाचं किती कर्ज आहे आणि ते कशासाठी काढलं, आणि घरातल्या साठीपुढच्या माणसांचं वजन किती. यातला एकही प्रश्न विचारायला अवघड नाही. वजनाचा काटा तर पाहणी करणाऱ्याच्या पिशवीत आधीच असतो.

आणि तुमच्याकडून काय हवं? आपण इथून गावाकडच्या संस्थांना देणग्या देतो. वर्षाअखेर अहवाल येतो: इतकी शौचालयं, इतक्या सायकली, इतकी खाती. फोटोही येतात. संस्था बहुतेक प्रामाणिक असतात. आपण जे मोजायला सांगतो ते त्या मोजतात. पुढच्या वेळी पैसे पाठवताना एक ओळ जास्तीची लिहा. ज्यांना मदत केली त्यातली किती घरं वर्षभरात पुन्हा सावकाराच्या दारात गेली, ते कळवा म्हणावं. उत्तर यायला वेळ लागेल, आणि आलेलं उत्तर फोटोसारखं देखणं नसेल. पण मोजणाऱ्याला एकदा हा प्रश्न पडला, की तो वहीत एक नवा रकाना आखतो. आजवर न मोजलेली माणसं मोजणीत येतात ती अशाच रकान्यांतून.